कलम ३५३ चं संरक्षण नेमकं कुणाला? शिक्षेच्या आकड्यापलीकडे बघायला शिकूया

तलाठी कार्यालयात, सरकारी दवाखान्यात किंवा महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात गेलात की भिंतीवर एक पाटी दिसते. ‘शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ अन्वये गुन्हा दाखल करण्यात येईल.’ कुठे खाली लाल अक्षरात शिक्षाही लिहिलेली असते. आपण ती पाटी इतक्यांदा पाहिलेली असते की तिच्याकडे आता लक्षही जात नाही. आज मात्र ती नीट वाचायची आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कायदा, समाजशास्त्र, लोकप्रशासन या विषयांत पीएच.डी. करायची आहे, आणि ‘शासकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ले आणि कायदेशीर संरक्षण : एक चिकित्सक अभ्यास’ हा विषय सिनॉप्सिसमध्ये फार आवडीने घेतला जातो.

विषय चांगला आहे, जिवंत आहे. वाळूचा ट्रॅक्टर अडवणारा तलाठी, सुट्ट्या पैशांवरून मार खाणारा एसटीचा कंडक्टर, थकबाकीपोटी वीज तोडायला गेलेला वायरमन, रात्रपाळीची नर्स, ही सगळी आपल्या आजूबाजूची माणसं आहेत. अडचण असते ती गृहीतकाची. ‘शिक्षा अपुरी आहे, म्हणून हल्ले होतात, शिक्षा वाढवली तर हल्ले कमी होतील’ हे वाक्य या विषयाच्या गृहीतकात ठरल्यासारखं येतं. या लेखात मी त्याच वाक्याची चिकित्सा करणार आहे. संघटनांच्या निवेदनात हे वाक्य शोभतं, विधिमंडळातही शोभतं. प्रबंधात ते तपासून घ्यावं लागतं.

आधी कलम वाचा, मग त्यावरचे लेख

पाटीवर लिहिलंय ‘अडथळा’. कलम ३५३ मात्र अडथळ्याबद्दल नव्हतंच. भारतीय दंड संहितेत लोकसेवकाच्या कामात अडथळा आणण्यासाठी वेगळं कलम होतं, १८६. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत. कलम ३५३ लागायला लोकसेवकावर हमला किंवा फौजदारी स्वरूपाचा बलप्रयोग व्हावा लागतो, आणि तोही त्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा कर्तव्य बजावल्याबद्दल. मूळ शिक्षा दोन वर्षांपर्यंत. त्यापुढे ३३२, म्हणजे याच हेतूने केलेली दुखापत, तीन वर्षांपर्यंत. आणि ३३३, म्हणजे जबर दुखापत, दहा वर्षांपर्यंत.

या पायऱ्या कागदावर लिहून काढा. अडथळा, हमला, दुखापत, जबर दुखापत. वर्तमानपत्रात या चारही गोष्टींना ‘सरकारी कामात अडथळा’ हेच एक नाव मिळतं आणि आपण तेच नाव प्रबंधात उचलतो. नमुना निवडताना, मुलाखती घेताना, आकडे जमवताना हा गोंधळ मग शेवटपर्यंत सोबत येतो.

‘हमला’ या शब्दाची व्याख्याही बघायला हवी. अंगाला हात लागलाच पाहिजे असं नाही. बळ वापरलं जाणार अशी भीती वाटेल असा हावभाव किंवा तयारी पुरते. पण नुसते शब्द म्हणजे हमला नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सांगितलेलं आहे. म्हणजे खिडकीवर कुणी मोठ्या आवाजात भांडलं, ‘बघून घेतो’ म्हणालं, तर तेवढ्यावर ३५३ उभं राहत नाही. दुसरी कलमं लागू शकतील, तो वेगळा विचार.

महाराष्ट्राने काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं

आता आपल्या राज्याकडे येऊ. महाराष्ट्राने २०१७ च्या दुरुस्ती कायद्याने कलम ३३२ आणि ३५३ ची कमाल शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली आणि हे खटले सत्र न्यायालयात चालतील असं ठरवलं. दुरुस्ती जून २०१८ मध्ये अंमलात आली. कर्मचारी संघटनांच्या मागणीला मिळालेलं ते उत्तर होतं.

इथे वाचक म्हणून थांबा आणि विचारा, नेमकं बदललं काय? गुन्हा दखलपात्र आधीही होता. अजामीनपात्र तो २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनेच झाला होता. अटकेचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, अटकेची गरज नोंदवावी. दोन वर्षं असोत की पाच, दोन्ही सातच्या आतच. किमान शिक्षा? ती आधीही नव्हती, नंतरही ठेवली नाही. ‘पाच वर्षांपर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही’ याचा अर्थ न्यायाधीश नुसत्या दंडावरही सोडू शकतात. उरले दोनच बदल, वरची मर्यादा आणि न्यायालयाची पायरी.

सत्र न्यायालय म्हटलं की ऐकायला भारदस्त वाटतं. पण मोठं न्यायालय म्हणजे लवकर निकाल, असं समीकरण कुठेच लिहिलेलं नाही. सत्र न्यायालयापुढे खून, बलात्कार, दरोडा असे खटले असतात. त्या रांगेत कंडक्टरला मारलेल्या थपडेचा खटला कितवा लागेल, हा प्रत्यक्ष तपासण्याचा प्रश्न आहे. चेझारे बेक्कारियाने १७६४ मध्ये मांडलेला मुद्दा गुन्हेशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवतात : जरब बसते ती शिक्षा किती कठोर आहे यापेक्षा ती होणारच, आणि लवकर होणार, या खात्रीने. परीक्षेत हे सगळे लिहितात. सिनॉप्सिस लिहिताना मात्र विसरतात.

पुढचा भाग तर अजून महत्त्वाचा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या ३५३ ची जागा आता कलम १३२ ने घेतली आणि त्यात कमाल शिक्षा आहे दोन वर्षं. खटला चालवणार कोणताही दंडाधिकारी. ३३२ ची जागा १२१ च्या पहिल्या पोटकलमाने घेतली, तिथे मात्र आता साऱ्या देशासाठी पाच वर्षं आहेत. जबर दुखापतीला किमान एक वर्ष आणि कमाल दहा वर्षं.

महाराष्ट्राची दुरुस्ती होती जुन्या संहितेला. संहिताच रद्द झाल्यावर तिच्यावरची राज्याची दुरुस्ती नव्या संहितेत आपोआप चढत नाही. त्यासाठी राज्याला नव्याने दुरुस्ती करावी लागते. म्हणून ‘महाराष्ट्रात पाच वर्षं शिक्षा आहे’ असं लिहिण्याआधी त्या दिवशीचं राजपत्र तपासा, आणि गुन्हा कोणत्या तारखेचा आहे तेही बघा. ३० जून २०२४ च्या रात्री अकराला मार खाल्लेल्या कंडक्टरचा खटला जुन्या कलमाखाली, १ जुलैच्या सकाळचा नव्या कलमाखाली. भिंतीवरच्या कितीतरी पाट्या अजून ३५३ वरच अडकल्यात, तुमचा प्रबंध तिथे अडकायला नको.

मला यात संशोधनाची मोठी संधी दिसते. एकाच राज्यात, एकाच प्रकारच्या कृत्यासाठी कमाल शिक्षा २०१८ मध्ये वाढली आणि २०२४ मध्ये पुन्हा खाली आली. शिक्षा वाढल्याने हल्ले कमी होतात का, हा प्रश्न विचारायला याहून सोयीची रचना सहसा मिळत नाही. मधे कोविडची दोन वर्षं आहेत, ती वेगळी काढावी लागतील, हे खरं. तरीही ‘शिक्षा वाढवावी’ अशी शिफारस प्रबंधाच्या शेवटच्या पानावर लिहिण्याआधी ही तुलना करून बघायला हवी.

‘लोकसेवक’ कोण, हा खरा प्रश्न

आता माझ्या मते या विषयाचं मर्म. कलम ३५३ असो की १३२, संरक्षण मिळतं ते लोकसेवकाला. लोकसेवेचं काम करणाऱ्या प्रत्येकाला मिळतंच असं नाही. या दोन गोष्टी ऐकायला सारख्या वाटतात, पण त्यांच्या मधे लाखो माणसं उभी आहेत.

एसटीचा कंडक्टर लोकसेवक आहे का? आहे. रस्ते वाहतूक महामंडळ अधिनियम, १९५० मध्येच महामंडळाच्या सेवकांना लोकसेवक मानण्याची तरतूद आहे. महावितरणचा कायम वायरमन? शासकीय कंपनीच्या सेवेत किंवा पगारावर असलेली व्यक्ती लोकसेवकाच्या व्याख्येत येते, म्हणून तोही आत. आता त्याच खांबावर, तेच पक्कड घेऊन चढलेला कंत्राटी वायरमन घ्या. पगार देतो ठेकेदार. तो ‘सेवेत किंवा पगारावर’ आहे असं म्हणायचं का? बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. महापालिकेच्या घंटागाडीवरचा ठेकेदाराचा माणूस, खासगी संस्थेने भाड्याने दिलेल्या बसचा ड्रायव्हर, या सगळ्यांच्या बाबतीत तोच पेच. मारणाऱ्याला यातला फरक दिसत नाही. त्याला फक्त वीज तोडणारा माणूस दिसतो. कायद्याला मात्र पगारपत्रक बघावं लागतं.

आशाताईंचं तर विचारूच नका. त्यांना शासन ‘स्वयंसेविका’ म्हणतं आणि पगाराऐवजी मोबदला देतं. काम मात्र घरोघरी जाऊन, म्हणजे जिथे भिंतीवर पाटीसुद्धा नसते तिथे. अंगणवाडी सेविकांबद्दल बोलताना बरेच विद्यार्थी सर्वोच्च न्यायालयाच्या अमीरबी निकालाचा (२००६) दाखला देतात. त्या निकालात त्यांचं पद हे नागरी सेवेतलं पद नाही असं म्हटलंय. तो दाखला जपून वापरा. नागरी पद धारण करणं आणि फौजदारी कायद्याच्या अर्थाने लोकसेवक असणं, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं म्हणून दुसऱ्याचंही ‘नाही’च येतं असं नाही. पुढे २०२२ मध्ये याच न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते असं ठरवलं. म्हणजे एकाच बाईला एका कायद्यासाठी कर्मचारी मानायचं आणि दुसऱ्यासाठी नाही, असं चालू आहे. ही विसंगती टीकेला पात्र आहे, पण आधी ती नीट मांडता आली पाहिजे.

आरोग्य क्षेत्रातले दोन कायदे शेजारी ठेवले की मुद्दा आणखी उलगडतो. महाराष्ट्राच्या २०१० च्या वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आणि मालमत्तेच्या नुकसानीची दुप्पट भरपाई आहे. हा कायदा सरकारी-खासगी असा भेद करत नाही, खासगी दवाखान्यातली नर्सही त्यात येते. पण त्याचं संरक्षण वैद्यकीय संस्थेतल्या कर्तव्याशी बांधलेलं आहे. वस्तीत गेलेल्या आशाताईला तो कितपत उपयोगी पडेल याबद्दल मला शंका आहे. दुसरा, २०२० चा साथरोग दुरुस्ती कायदा. त्यात समुदाय आरोग्य कार्यकर्त्यांचाही समावेश केला, तीन महिने ते पाच वर्षं शिक्षा ठेवली, जबर दुखापतीला सहा महिने ते सात वर्षं, तपासाला तीस दिवस आणि खटल्याला एक वर्ष अशी मुदत घातली, इतकंच काय, काही बाबतींत निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला. पण हे सगळं साथ असेल तेव्हा. साथ सरली की ताई पुन्हा होत्या तिथेच.

म्हणजे आपल्याकडे तीन तत्त्वं एकाच वेळी नांदताहेत. एक कायदा पदाला संरक्षण देतो, दुसरा जागेला, तिसरा प्रसंगाला. कामाला, म्हणजे ते काम करणाऱ्या माणसाला, सरळ संरक्षण देणारा सर्वसाधारण कायदा यात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१९ चा करार क्रमांक १९० मात्र नोकरीचा करार कोणत्या स्वरूपाचा आहे हे न बघता काम करणाऱ्या व्यक्तीला केंद्रस्थानी ठेवतो आणि ग्राहक, नागरिक अशा बाहेरच्यांकडून होणारी हिंसाही विचारात घेतो. भारताने त्याला अनुसमर्थन दिलेलं नाही. तौलनिक प्रकरण लिहायचं असेल तर परदेशातल्या शिक्षांचे आकडे मांडण्यापेक्षा ही तत्त्वाची तुलना जास्त उपयोगी ठरेल.

काउंटरच्या पलीकडचा माणूस

आता दुसरी बाजू. रेशनकार्डासाठी चौथ्यांदा आलेला माणूस चिडतो, आवाज चढवतो, मोबाइल काढतो. समोरून उत्तर येतं, ‘३५३ लावू का?’ हे वाक्य महाराष्ट्रात किती सहज बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या संशोधनात या माणसाला जागा नसेल तर ते संशोधन संघटनेची पुस्तिका होईल.

निकाल वाचा. माणिक तनेजा खटल्यात बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिणाऱ्या जोडप्यावर ३५३ लावलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो गुन्हा रद्द केला, कारण हमलाही नव्हता आणि बलप्रयोगही नव्हता. हे सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, यातच सगळं आलं. २०२५ च्या जानेवारीतल्या बी. एन. जॉन खटल्यातही न्यायालयाने तोच फरक पुन्हा सांगितला : नुसता अडथळा म्हणजे ३५३ नव्हे.

मग साध्या अडथळ्याला ३५३ का लागतं? प्रक्रियेकडे बघा. १८६ खाली न्यायालयाला दखल घ्यायची तर संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते. ३५३ ला ती अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने दुर्गाचरण नाईक खटल्यात १९६६ मध्येच स्पष्ट केलंय. शिवाय ३५३ दखलपात्र. म्हणजे जड कलमाची वाट सोपी आणि हलक्या कलमाची वाट अवघड, अशी ही उलटी रचना आहे. एखाद्या कलमाचा गैरवापर होतो तेव्हा माणसांच्या नियतीबरोबर अशा रचनेलाही तपासायला शिका.

आणि हा गैरवापर खऱ्या पीडितालाच महाग पडतो. दहा पोकळ गुन्हे दाखल झाले की अकराव्या वेळी डोकं फुटलेल्या तलाठ्याकडेही संशयाने बघितलं जातं.

आकड्यांवर विसंबण्याआधी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे घ्याल तर ‘मुख्य गुन्हा’ हा नियम आधी समजून घ्या. एका प्राथमिक माहिती अहवालात पाच कलमं असली तरी मोजणी होते सर्वांत गंभीर गुन्ह्याखाली. कोयत्याने वार झालेल्या तलाठ्याचं प्रकरण खुनाच्या प्रयत्नात मोजलं जाईल आणि धक्काबुक्कीचं प्रकरण ३५३ मध्ये दिसेल. म्हणजे सर्वांत भयंकर हल्लेच या रकान्यातून गायब होतात. वर, कलमाच्या आकड्यावरून मार खाणारा पोलीस होता, कंडक्टर होता की शिक्षक, हे समजत नाही.

म्हणून खाली उतरा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयांचे खटले कायदा आणि कलमानुसार शोधता येतात. एक जिल्हा घ्या, पाच वर्षं घ्या, आणि प्रत्येक खटल्याची कुंडली मांडा : फिर्यादी कोणत्या खात्याचा, साक्षीदार किती, फितूर किती, तारखा किती, निकाल काय. त्याला माहिती अधिकारातून आगाराच्या किंवा उपविभागाच्या नोंदी जोडा. दोन्हींच्या मधे जी तफावत दिसेल तीच तुमच्या प्रबंधाचा गाभा असेल, कारण पोलीस ठाण्यापर्यंत न पोचलेली मारहाण त्या तफावतीत लपलेली आहे.

मुलाखतींत ‘कायदा पुरेसा वाटतो का?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी विचारा : फिर्याद द्यायला सोबत कोण आलं? त्या दिवसाची हजेरी लागली का? कोर्टाच्या तारखेला रजा कुठली टाकली? औषधोपचाराचा खर्च कुणी केला? त्याच मार्गावर, त्याच गावात पुन्हा ड्युटी लागली का? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य खात्याने आदेश काढला की कर्तव्यावरच्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा झाली तर सहा तासांच्या आत संस्थेच्या वतीने गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. शिक्षेचा आकडा त्यात वाढवलेला नाही. फिर्यादीचं ओझं मात्र मार खाल्लेल्या माणसाच्या खांद्यावरून उचलून मालकाच्या खांद्यावर ठेवलंय. या आदेशाची अंमलबजावणी किती झाली, आणि आगारांत, वीज उपविभागांत, पालिकांत असं काही आहे का, यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो.

माझं मत विचाराल तर शिक्षा वाढवण्याची मागणी सरकारला सर्वांत स्वस्तात पडते. एक दुरुस्ती कायदा केला की झालं. रात्रीच्या बसला दुसरा माणूस देणं, वसुलीला एकट्याला न पाठवणं, दवाखान्यात पुरेसे डॉक्टर नेमणं, कंत्राटी कामगाराला आपला म्हणणं, याला पैसा लागतो. ‘कडक कायदा’ या शब्दांवर कर्मचारी खूश, सरकारही खूश, आणि दुसऱ्या दिवशी वायरमन पुन्हा एकटाच शिडी घेऊन थकबाकीदाराच्या दारात. हे मत चुकीचं ठरवायचं असेल तर वरची २०१८ आणि २०२४ ची तुलना करा. आकड्यांनी मला खोटं पाडलंत तरी चालेल, ते काम झालं पाहिजे.

तर सिनॉप्सिस उघडा आणि गृहीतकाच्या जागी हे तीन प्रश्न लिहून बघा. हल्ला झालेल्यांपैकी कायद्याच्या व्याख्येत कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं? गुन्हा नोंदल्यापासून निकालापर्यंत कर्मचाऱ्याच्या बाजूने संस्था कुठे उभी असते? आणि हमला झालेलाच नसताना हे कलम किती वेळा लावलं जातं? यातला एकच प्रश्न एका तालुक्यापुरता नीट सोडवलात तरी पुरे. आरआरसीसमोर ‘व्याप्ती लहान आहे’ म्हणून कुणी हटकलं तर सांगा, तालुक्यातल्या प्रत्येक खटल्याचा कागद मी स्वतः वाचणार आहे.